दुर्गाबाईंच्या मुठीतलं पिस्तूल

"तीनदा चाप ओढला. तीनदा नुसतं टक् झालं," असं म्हणत गोपाळतात्यांनी रेशमी रुमालातलं पिस्तूल माझ्यासमोरच्या पाटावर ठेवलं.

"कुणावर ओढलात?"

"परसातल्या पेरूवर."

"झाडाचं नशीब चांगलं म्हणायचं."

तात्या हसले नाहीत. एरवी हसायचे. शनिवार पेठेतल्या एका इनामदारांच्या घरी ते कारकून होते. यजमानांच्या बंदुका साफ करायला आमच्याकडे आणायचं काम वर्षानुवर्षं त्यांच्याकडेच होतं. यजमान तीन-चार महिन्यांपूर्वी तापाने गेले. त्यानंतर तात्या पहिल्यांदाच दुकानाची पायरी चढले होते.

"हुसेन, हे नीट कर. होत नसेल तर दुसरं दे. लहान हवं. अंगावर दिसता कामा नये. वेळेला उडालं पाहिजे. आणि आठ दिवसांत हवं."

दुकान उस्ताद कासम यांचं. मी त्यांच्या हाताखाली बारा वर्षं काढली होती. रविवार पेठेतल्या त्या गल्लीत बंदुका-तलवारींची कामं करणाऱ्यांची ओळच होती. सकाळी सगळ्यांच्या कानशी सुरू झाल्या की शेजारच्याशी ओरडून बोलावं लागायचं. दुपारी जेवायला सगळे एकदम थांबले की कोणाच्या तरी पिंजऱ्यातला पोपट बोलतोय हे तेव्हा कळायचं. आता पलटणींच्या बंदुका पेट्या भरून येतात. सगळ्या एकसारख्या. एक बिघडली की शिपाई दुसरी घेतो. तेव्हा प्रत्येक बंदुकीला एक माणूस असायचा आणि तो माणूस आम्हाला माहीत असायचा. तात्यांच्या यजमानांच्या उजव्या डोळ्यात फूल पडलं, तेव्हा त्यांच्या बंदुकीचा दस्ता डाव्या खांद्याला बसेल असा मीच तासून दिला होता. ते खूश होऊन म्हणाले होते, "आता हरणाला म्हणावं, उजवीकडून यायचं की डावीकडून, ते तूच ठरव."

असो. मी पिस्तूल उघडलं.

दगडी पिस्तूल कसं चालतं, हे ज्यांनी हातात घेतलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. वर एक घोडा असतो. त्याच्या जबड्यात चकमकीचा दगड आवळलेला. घोड्यासमोर पोलादाचं उभं झाकण आणि झाकणाखाली चिमूटभर बारीक दारू. तिला रंजक म्हणतात. चाप ओढला की घोडा पडतो, दगड झाकणावर घासतो, झाकण उघडतं, ठिणगी रंजकेवर पडते. रंजकेची आग बारीक भोकातून नळीत जाते आणि मग बार होतो. डोळ्याची पापणी लवेपर्यंत हे सगळं व्हावं लागतं. यातलं एक जरी चुकलं तर टक् होतं. बस्स.

यजमानांना हे पिस्तूल कुणा फिरंगी सरदाराने भेट दिलेलं. दस्त्यावर सोन्याचा मुलामा, नळीवर वेलबुट्टी. आत घोड्याला जोर देणारी कमान मेलेली, झाकणाचं पोलाद मऊ पडलेलं. ठिणगी यायची कुठून?

"हे भिंतीवर लावा," मी तात्यांना सांगितलं. "छान दिसेल."

"मग दुसरं दाखव."

"बाळगणार कोण?"

"मी."

मी वर पाहिलं. सलामीची तोफ झाली की तात्या कानांत बोटं घालून उभे राहायचे. अख्ख्या पेठेला ते माहीत होतं.

"तुम्ही?"

"हो, मी. काय झालं?"

गिऱ्हाइकाला खोटं पाडायची आमच्या दुकानात पद्धत नव्हती. मी शाडूच्या मातीचा ओला गोळा पुढे केला. मूठ घेतल्याशिवाय पिस्तूल द्यायचं नाही, हा उस्तादांचा नियम. तात्यांनी गोळा असा घाईघाईने दाबला की बोटांमधून माती बाहेर आली.

त्या मुठीवरून मी उस्तादांनी स्वतः घडवलेलं एक पिस्तूल निवडलं. आखूड नळी, साधा शिसवी दस्ता, कडक कमान. दहा वर्षांत ते एकदाही परत आलं नव्हतं. तात्यांनी माझ्यासमोर घोडा चढवला, पाडला, पुन्हा चढवला. शेल्यात खोचून दुकानात दोन फेऱ्या मारल्या. दिसत नव्हतं. मीही खूश, तेही खूश.

तिसऱ्या दिवशी ते परत आले.

"घोडा चढत नाही."

"तुमच्याच हातून चढला होता. माझ्यासमोर."

तात्यांनी पिस्तूल उलटं करून धरलं.

"आणि हा चापाखालचा पितळी फाटा कापडात अडकतो," ते म्हणाले.

"शेल्यात अडकतो?"

"शेल्यात नाही. म्हणजे... कापडात."

मातीचा दुसरा गोळा ओल्या फडक्यात गुंडाळला आणि त्यांच्या हातात दिला. "तात्या, हा घरी न्या. ज्याच्या हातात पिस्तूल राहणार आहे त्याला दाबायला सांगा. तो कोण, मी विचारत नाही."

संध्याकाळी गोळा परत आला. फडकं सोडलं आणि मी तो पाटावर ठेवला. लहानशी मूठ. बोटं निमुळती, अंगठा आखूड. अंगठीची खूण नाही. मातीत मनगटाचीही थोडी बाजू उमटली होती.

उस्ताद मागून बघत होते. "बाई आहे," ते म्हणाले.

"हो."

"विधवा आहे. बांगडी उमटली नाही."

मग तात्यांना सगळं सांगावं लागलं. यजमानांच्या पाठीमागे त्यांच्या धाकट्या भावाने गावच्या इनामावर हक्क सांगितला होता. न्यायाधीशांनी मूळ सनद मागितली. सनद कात्रजच्या घाटापलीकडे, गावच्या घरात. कुठे ठेवली आहे ते यजमानांनी शेवटच्या दुखण्यात फक्त बायकोला, दुर्गाबाईंना, सांगितलं होतं. तिने एक विश्वासू माणूस जागा सांगून पाठवला. घाटात त्याला अडवून त्याचं धोतरसुद्धा झाडून पाहिलं. नशीब, तो जाताना सापडला, येताना नाही.

"आता बाई स्वतः जाणार म्हणतात. मेण्यातून. आणि मेण्यात हातभर बंदूक काय कामाची?"

उस्ताद पान जुळवत होते. त्यांनी हात थांबवला. "धाकट्यांची उठबस कोतवाल चावडीवर आहे. आम्ही बाईला हत्यार दिलं हे त्यांना कळलं तर आमचं दुकान उद्या बंद."

"कळणार नाही," तात्या म्हणाले.

"तुम्हाला तर खोटंही धड बोलता येत नाही."

तात्यांनी मान खाली घातली. "त्या बाईंना मी लग्न होऊन आल्या तेव्हापासून पाहतोय, उस्ताद. आठ वर्षांच्या होत्या. घरात आता त्यांच्या बाजूने बोलणारा मी एकटा. आणि मी हा असा."

उस्तादांनी पान तोंडात टाकलं. बराच वेळ चावत बसले. मग मला म्हणाले, "ते मुंबईहून आलेलं खेळणं काढ."

हे खेळणं म्हणजे वीतभर लांबीचं एक विलायती पिस्तूल. फिरंग्यांच्या डगल्यांना खिसे असतात, त्या खिशात ठेवायला केलेलं. आपल्याकडे खिसे कुठले? उस्तादांना त्याचा राग होता. "बंदूक आहे की अडकित्ता?" म्हणायचे. पण त्यात एक गंमत होती. चाप दिसायचाच नाही. घोडा चढवला की तो पोटातून बाहेर यायचा. म्हणजे बाहेर आलेलं, कापडात अडकणारं काही नाही. उरलं फक्त घोड्याचं टोक. ते मी कानशीने घासून गोल केलं आणि रेशमाच्या फडक्यात पन्नासदा घालून-काढून पाहिलं.

अडचण कमानीची होती. ती इतकी ताठ की आखूड अंगठ्याने घोडा चढणं शक्य नव्हतं. कमान हलकी केली तर घोडा हलका पडणार. हलका पडला की ठिणगी कमी. आमच्या धंद्यात एक गोष्ट सोपी केली की दुसरी अवघड होते, आणि गिऱ्हाइकाला फक्त सोपी झालेली दिसते.

कमान उस्तादांनी स्वतः घेतली. म्हातारपणी त्यांचे हात जरा थरथरत, पण कानस हातात आली की थांबत. केसाएवढं घासायचे, तापवायचे, तेलात बुडवायचे, माझ्याकडे द्यायचे. "करंगळीने चढव." मी चढवायचो. "जड आहे." पुन्हा घासायचे. झाकणाचं पोलाद मी नव्याने कडक केलं. दगड नेहमीपेक्षा रुंद बसवला, म्हणजे हलक्या घोड्यालाही घासायला जागा मिळेल. ते तीन दिवस मला अजून आठवतात. उस्ताद एरवी खूप बोलायचे, शिव्याही द्यायचे. त्या तीन दिवसांत "जड" आणि "हलकं" या दोन शब्दांपलीकडे काही बोलले नाहीत. काम शिकलो म्हणतात ते मी बारा वर्षांत शिकलो असेन, पण त्यातलं निम्मं या तीन दिवसांत.

सातव्या दिवशी मी शनिवार पेठेत गेलो. मागच्या दाराने परसात. मेणा तिथेच उतरवून ठेवला होता. दुर्गाबाई आल्या. लाल आलवण, डोक्यावरून घट्ट घेतलेलं. वय तिशीच्या आतलं. मनगटावर बांगड्यांच्या जागी फिकट वळ होता, अजून उन्हाने न भरलेला. मी पिस्तूल तुळशीच्या कट्ट्यावर ठेवलं आणि मागे सरलो. त्यांनी ते उचललं. हात लावायला घाबरतात तसं नाही, बाजारात भाजी उचलून बघतात तसं.

"हे उडेल ना?" पहिलाच प्रश्न.

"बाईसाहेब, काल आम्ही पुन्हा पुन्हा उडवून पाहिलं. दहादा ओढलं तर नऊदा उडतं."

"आणि दहावं?"

"टक् होतं."

तात्या घाईने म्हणाले, "अहो, हुसेन उगाच घाबरवतोय..."

"तात्या, त्यांना बोलू द्या." मग माझ्याकडे वळून, "ते दहावं कधी येतं?"

"ते सांगता येत नाही."

"मग ते पहिलंच येईल असं धरून शिकवा."

मी इतकी वर्षं शिलेदारांना, सरदारांना, सावकारांना पिस्तुलं दिली. प्रत्येकाने विचारलं, गोळी किती लांब जाते. दस्त्यावर नाव कोरून मिळेल का. नाही उडालं तर काय करायचं, हे दुर्गाबाईंच्या आधी मला कोणी विचारलं नव्हतं.

"घोडा, झाकण, चाप," मी म्हणालो. "टक् झालं की पिस्तुलाकडे बघायचं नाही. हलवायचं नाही, नाहीतर रंजक सांडेल. अंगठ्याने घोडा मागे. बोटाने झाकण खाली. चाप."

त्या मेण्यात बसल्या. पडदा टाकला. पडद्याबाहेर दोन हातांवर तिपाईवर मी मडकं ठेवलं. आतून पुटपुटणं ऐकू यायचं, "घोडा, झाकण, चाप," आणि नुसता टक् आवाज. दारूशिवायच तासभर चाललं. अंगठ्याचं कातडं सोललं तेव्हा त्यांनी आलवणाची किनार गुंडाळून घेतली. मग मी दारू भरून दिली. पहिल्या बाराला मडकं तसंच राहिलं आणि मेण्याच्या छताला भोक पडलं. शेजारच्या गच्चीवरून कोणीतरी विचारलं, "काय हो, काय चाललंय?" तात्या ओरडले, "माकडं हाकलतोय!" आयुष्यातलं त्यांचं पहिलं धड खोटं.

चौथ्या बाराला मडकं फुटलं. बाई मेण्यातून बाहेर आल्या. धुराने खोकत होत्या, डोळ्यांत पाणी होतं. ते धुराचंच असेल असं मला तेव्हा वाटलं.

"ह्यांना हरणं मारताना मी नावं ठेवायची," एवढंच म्हणाल्या आणि आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी पहाटे मेणा गावाकडे निघाला. पुढच्या चार दिवसांत मी दोन बंदुका बिघडवल्या. उस्तादांनी शिव्या दिल्या, पण त्यांचंही लक्ष कामात नव्हतं. बाई परतायच्या दिवशी ते पहाटेच येऊन दुकानाच्या पायरीवर बसले.

दुपारी तात्या आले. कपाळाला पट्टी, डोक्यावर दुसऱ्याचं पागोटं. ओटीवर बसले आणि तांब्याभर पाणी प्यायले.

"सनद आली?" उस्तादांनी विचारलं.

"आली. न्यायाधीशांच्या कचेरीत पोहोचवूनच इकडे आलो."

मग सांगायला लागले. सनद घेऊन परत येताना घाटात सकाळी दाट धुकं होतं. बरोबरचे दोन प्यादे चढावर मागे मागे राहिले. विकले गेलेले असणार. वळणावर तिघे आडवे आले. एकाने तात्यांच्या तट्टाला काठी मारली, तट्टू उधळलं, तात्या दगडावर. भोयांनी मेणा टाकला आणि झाडीत पळाले. एकाने मेण्याचा पडदा वर केला आणि आत हात घातला. म्हणाला, "बाई, पेटी द्या, आम्ही काही करत नाही."

"मी पडल्या जागेवरून बघत होतो," तात्या म्हणाले. "आणि आतून टक् झालं."

दव. झाकण दवाने ओलावलं असणार. ते पुसून कोरडं ठेवायचं हे मी त्यांना सांगितलंच नव्हतं.

"तो माणूस हसला. मागे वळून दुसऱ्याला म्हणाला, 'अरे, बाईकडे खेळणं आहे.' तेवढं बोलायला त्याला जो वेळ लागला, तेवढाच. मग बार झाला. एवढा धूर, मला वाटलं मेणा पेटला. तो ओरडत खाली गेला आणि बाकीचे दोघे, त्यांना काय वाटलं देव जाणे, उतारावर पळत सुटले. मागून हाही लंगडत गेला."

"कुठे लागली?"

"मीही तेच विचारलं. बाई म्हणाल्या, पळणाऱ्याला थांबवून विचारायला हवं होतं का?"

उस्ताद मोठ्याने हसले. मला हसू आलं नाही. मी दव विसरलो होतो. ती गोष्ट मी तात्यांना सांगितली. तात्या म्हणाले, "बाईंना तू कळव." म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा परसात गेलो.

दुर्गाबाई ओसरीवर बसल्या होत्या. आलवणाला हाताएवढं जळकं भोक होतं, त्याला त्या ठिगळ लावत होत्या. सुई धागा धरत नव्हती, कारण हात अजून कापत होता. मी चूक सांगितली. त्या ऐकून घेत राहिल्या.

"घाट उतरून कात्रजच्या तळ्यापाशी येईपर्यंत माझे दात वाजत होते," त्या म्हणाल्या. "हात तर बघताच आहात. पण त्या वेळी हात कापला नाही. त्या वेळी मी काही विचारच केला नाही. नुसतं घोडा, झाकण, चाप." मग सुई खाली ठेवून म्हणाल्या, "तुम्ही नऊ म्हणालात, दहा म्हणाला नाहीत. दहा म्हणाला असतात तर टक् झाल्यावर मी पिस्तुलाकडे बघत बसले असते."

निवाड्याला आणखी काही महिने लागले. इनाम बाईंच्याच नावे राहिलं. धाकट्यांनी मधेच एक तक्रार गुदरली की विधवा असून बाई हत्यार बाळगते आणि वाटसरूंवर चालवते. ते वाटसरू कोण, ते पडद्यात हात घालून काय करत होते, हे विचारल्यावर तक्रार मागे घेतली गेली. तरी कोतवालाचा एक शिपाई आमच्या दुकानात येऊन गेलाच.

"इथून कोणा बाईला पिस्तूल दिलं?"

उस्ताद चष्म्यावरून त्याच्याकडे बघत म्हणाले, "आम्ही लोखंडाचं काम करतो, हवालदार. मूठ बघतो. तोंड बघायचं काम तुमच्या चावडीचं."

शिपायाने इकडेतिकडे पाहिलं आणि स्वतःच्या खांद्यावरची बंदूक काढून पुढे केली. "आलोच आहे, तर हिचा घोडा जरा बघता का? वेळेला टक् करते."

ती बंदूक मी दुरुस्त केली. उस्ताद जाऊनही आता बरीच वर्षं झाली. दुकान माझ्याकडे आहे, पण गल्लीतल्या कानशी एकेक करून बंद पडत चालल्या आहेत. अजूनही कोणी चांगलं, लहान, खात्रीचं पिस्तूल मागायला आला की मी पहिल्यांदा मूठ घेतो. मग दहातलं एक चुकतं हे सांगतो. अर्धे लोक तिथेच उठून दुसऱ्या दुकानात जातात, जिथे दहाच्या दहा उडतात असं सांगितलं जातं. मी त्यांना थांबवत नाही. जे बसून राहतात त्यांना दव पुसायला शिकवतो.